गोदेच्या पाण्यातलं गवत

मागच्या वेळी आपण हातपंपाच्या पाण्याबद्दल बोललो होतो. आज नदीत उगवणाऱ्या वनस्पतींचा इतिहास सांगणार आहे. गवताचा कसला आलाय इतिहास, असं तुमच्यातली एखादी म्हणेलच. पण नदी कधी बिघडली आणि कशानं बिघडली, हे विचारायचं झालं तर तिच्यात राहणाऱ्यालाच विचारावं लागतं. आपण जातो, धुणं धुतो, दिवे सोडतो आणि घरी येतो. गवत रात्रंदिवस तिथंच असतं.

नांदेडला उन्हाळा लागला की वर्तमानपत्रात एक फोटो ठरलेला असतो. गोवर्धन घाटाकडून नाहीतर पुलावरून काढलेला. पाण्याच्या जागी हिरवंगार मैदान, मध्येमध्ये जांभळट फुलं. ती जलपर्णी. मग ती काढायला माणसं लागतात, यंत्र लागतं, काठावर ढीग पडतात आणि चार दिवस बरं दिसतं. दोन-तीन महिन्यांत परत तेच. आपण म्हणतो, नदीत घाण वाढली. माझं म्हणणं असं की ती जलपर्णी म्हणजे घाण वाढल्याची नदीनं दिलेली खबर आहे. घाण दुसरीच आहे, ती नाल्यातून येते.

हे नीट कळायला नदीतल्या वनस्पती कशा राहतात ते बघू. काही पूर्ण पाण्याखाली वाढतात. त्यांची मुळं तळात आणि पानं पाण्यातच, लांब फितीसारखी किंवा बारीक झुपक्यांची. आपण सगळ्यांनाच सरसकट शेवाळ म्हणतो, पण ती शेवाळं नव्हेत, चांगली मूळ-खोड-पान असलेली झाडं आहेत. त्यांना पाण्याखाली ऊन पोचायला लागतं, म्हणजे पाणी नितळ पाहिजे. काहींची मुळं तळात आणि पानं वर, जसं कमळ, शिंगाडा. काही काठावर पाय रोवून उभी, जसं लव्हाळं आणि पाणकणीस. आणि काही नुसती तरंगणारी, त्यांना तळाशी काही देणंघेणं नाही. जलपर्णी ही त्यातली.

आता नाल्याचं पाणी नदीत आलं. त्यात मैला आहे, साबण आहे, शेतातून वाहून आलेला युरिया आणि डीएपी आहे. म्हणजे नत्र आणि स्फुरद. कापसाला जे खत, तेच पाण्यातल्या गवतालाही खत. आधी पाणी हिरवट होतं, कारण डोळ्याला न दिसणारं शेवाळ त्यात वाढतं. हिरवट पाण्यातून ऊन खाली जात नाही. मग पाण्याखालची झाडं उजेडाविना मरतात. तरंगणाऱ्यांची मात्र चंगळ, खत खाली आणि ऊन वर. मनासारखं हवामान मिळालं तर जलपर्णी आठ-पंधरा दिवसांत दुप्पट होते. तिच्या चटईखाली जे मरतं ते कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात. त्याच्याही पुढे गेलं की जलपर्णीसुद्धा पिवळी पडते आणि नाल्याच्या तोंडाशी दगडांवर करड्या कापसासारखे धागे लोंबतात. ती शेवटची पायरी.

प्रयोगशाळेची बाटली यातलं काय सांगते? समजा मंगळवारी सकाळी अकराला नमुना घेतला. सोमवारी रात्री कुणी टँकर रिकामा केला असेल तर ते पाणी तोवर पुढे निघून गेलेलं असतं. पाहुणा दोन तास बसून जातो, त्याला घर नीटनेटकंच दिसतं. घरात राबणारीला विचारा. बाटलीला मी कमी लेखत नाही, कारण शिसं किती आणि नायट्रेट किती हा आकडा बाटलीशिवाय मिळत नाही. पण पाण्यातल्या झाडानं मागचे कित्येक महिने काय सोसलं ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

झाडावरून पाणी ओळखायची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधण्यावर एक अख्खा अध्याय आहे. कोरड्या जागी वेताचं झाड दिसलं तर त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर दीड पुरुष खोल पाणी लागतं, जांभूळ दिसली तर अमुक, वारूळ असेल तर तमुक, असा त्याचा थाट. आपले पानाडे आजही उंबर आणि जांभूळ बघून नारळ फिरवतात. त्याच अध्यायात खराब पाणी सुधारण्यासाठी आवळा, नागरमोथा, वाळा आणि निवळीचं बी घालायला सांगितलं आहे. निवळीचं बी माठात उगाळून गढूळ पाणी नितळ करायची रीत होती, हे तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. पण हे सगळं पाणी कुठं आहे आणि ते पिण्याजोगं कसं करावं याबद्दल. वाहती नदी सबंधच्या सबंध बिघडेल, असा प्रश्न त्या लोकांपुढे आलाच नव्हता. गोदाकाठ तर त्याही आधीपासून आपल्या साहित्यात आहे. सातवाहन राजा हालाच्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, गोदेला ‘गोला’ म्हटलंय आणि तिच्या काठच्या दाट झाडझाडोऱ्याचा उल्लेख परत परत येतो. तिथं तो प्रेमिकांच्या भेटीची आडोशाची जागा म्हणून येतो, आपल्यासाठी मात्र तो काठावरच्या हिरवाईचा लेखी पुरावाही आहे.

सबंध नदी बिघडण्याचा प्रश्न पहिल्यांदा युरोपात आला, कारण कारखाने आणि मोठी शहरं आधी तिकडं झाली. लंडनमध्ये कॉलऱ्यानं माणसं मरत होती तेव्हा, १८५० साली, आर्थर हिल हॅसल नावाच्या डॉक्टरनं नळाचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यात काय काय जिवंत वळवळतंय त्याची चित्रं छापली. लोक हादरले. पण त्याची शिस्तशीर पद्धत बसवली बर्लिनच्या दोघांनी. रिखार्ड कोल्कविट्झ हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी माक्सिमिलियान मार्सन. शहराचा मैला नदीत मिसळला की खाली खाली जाताना पाण्यातले जीव टप्प्याटप्प्यानं कसे बदलतात आणि पुढे नदी स्वतःला कशी सावरते, हे त्यांनी बघितलं. १९०२ मध्ये त्यांनी तत्त्वं मांडली. १९०८ मध्ये वनस्पतींची यादी छापली, त्यात सुमारे तीनशे नावं. पुढच्या वर्षी प्राण्यांची. कोण अति घाणीत राहतं, कोण मध्यम घाणीत आणि कोण फक्त स्वच्छ पाण्यात, अशी वर्गवारी. वनस्पतींची यादी आधी आली, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्यात बारीक शेवाळंच जास्त होती, पण विचार तोच: तिथं कोण राहतंय ते बघा आणि पाण्याची पारख करा.

पुढं साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या झाडांवर हेच काम झालं. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात एक पद्धत बसवली गेली आणि १९९९ मध्ये ती छापून आली. नदीचा शंभर मीटरचा पट्टा घ्यायचा, त्यात कोणती झाडं आहेत आणि किती जागा व्यापून आहेत ते लिहायचं. प्रत्येक झाडाला एक ते दहा गुण आधीच ठरलेले. घाण सोसणाऱ्याला एक, जरासुद्धा घाण न सोसणाऱ्याला दहा. त्यावरून त्या पट्ट्याचे गुण निघतात. नाल्याच्या वर एकदा मोजायचं आणि नाल्याच्या खाली एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या नाल्याची करणी. २००० साली युरोपीय संघानं पाण्याचा मोठा कायदा केला, त्यात नदीतल्या वनस्पती बघितल्याशिवाय नदीला चांगलं-वाईट म्हणायचं नाही असं आलं. म्हणजे तिकडं गवताची साक्ष कायद्यात धरली जाते.

आपल्याकडचा कायदा काही उशिरा आलेला नाही. महाराष्ट्रानं पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्येच कायदा केला आणि सप्टेंबर १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. देशाचा कायदा त्यानंतर, १९७४ चा. तेव्हापासून बाटल्या भरल्या जातात. त्यातला एक आकडा तुम्ही बातम्यांत ऐकला असेल, बीओडी. पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो त्याचं ते माप. आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून तो काढतात. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा असा नियम आहे. याच आकड्यावरून केंद्रीय मंडळानं २०१८ मध्ये देशातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे काढले, त्यातले ५३ आपल्या महाराष्ट्रातले. सगळ्या राज्यांत जास्त. गोदावरीचा पट्टा नाशिकच्या सोमेश्वरपासून थेट आपल्या जिल्ह्यातल्या राहेरपर्यंत धरलेला आहे. केंद्रीय मंडळाचे जैविक निकषही आहेत, पण त्यात मुख्यतः तळातले किडे आणि गोगलगायी मोजतात. नदीतली झाडं आपल्याकडच्या सरकारी तपासणीत मागेच राहिली.

याला एक कारण निसर्गाचं आहे. आपली नदी जुलैत पुरानं तळ खरवडून नेते आणि मेमध्ये डबक्यांवर येते. युरोपातल्यासारखी बारमाही एकसारखी झाडं इथं टिकत नाहीत, आणि त्यांची गुणांची यादी इथं जशीच्या तशी चालत नाही. पण दुसरं कारण इतिहासातलं आहे, आणि मला तेच जास्त खुपतं. नदी बिघडली म्हणायला आधी ती कशी होती याची नोंद लागते. पुण्या-मुंबईकडच्या वनस्पतींची नोंद इंग्रजांच्या काळात झाली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. कृष्णा, भीमा, मुठा यांच्या काठचं पान न् पान त्यात सापडतं. पण नांदेड, लातूर, उदगीर, बीड ही गावं मुंबई इलाख्यात नव्हतीच. आपण निजामाच्या राज्यात होतो, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. इलाख्याची हद्द संपली तिथं कुकसाहेबांची वही संपली. मांजरेतल्या गवताला कुणी नाव विचारलं नाही.

ते काम मराठवाड्याच्याच माणसानं केलं, पण खूप नंतर. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक वि. ना. नाईक यांचं उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक १९७९ मध्ये निघालं. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं, वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला, म्हणून ते पुस्तक लातूरचंही आहे. मग १९९८ मध्ये सगळ्या मराठवाड्याच्या वनस्पतींवरचे त्यांचे दोन खंड आले. उन्हातान्हात फिरून केलेलं ते काम आहे आणि आपल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ते मिळतं. मुलींनी जरूर मागून बघावं. पण तारखांकडं बघा. १९७६ मध्ये वर पैठणला जायकवाडी पूर्ण झालं होतं. पुढं नांदेडच्या डोक्यावर विष्णुपुरी झालं, मग पैठणपासून खाली बंधाऱ्यामागून बंधारा. वाहती गोदा तळ्यांची माळ झाली. म्हणजे जुन्या नदीची वनस्पतींची वही लिहायला बसेस्तोवर जुनी नदी जायला लागली होती.

आता या जलपर्णीचंच बघा. ती मूळची इथली नाही, दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. फूल सुंदर, म्हणून श्रीमंतांच्या बागांतून ती जगभर फिरली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला १८८४ मध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथून ती हातोहात गेली असं सांगतात. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आली. वीस-पंचवीस वर्षांत तिथली भातशेती, नावा, मासेमारी सगळं तिनं अडवलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोकांनी तिला ‘जर्मन पाना’ असं नाव ठेवलं, म्हणजे जर्मनांनी सोडलेलं पाणगवत. १९२१ मध्ये तिच्यावर उपाय शोधायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष जगदीशचंद्र बोस होते. १९३६ मध्ये बंगालनं जलपर्णीविरुद्ध खास कायदा केला आणि १९३७ च्या निवडणुकीत पक्षांनी ती काढून टाकायचं वचन दिलं! निवडणुकीत गवत काढायचं वचन, बघा. तरी ती गेली नाही. एका रोपाला हजारो बिया धरतात आणि त्या चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतात.

म्हणून जलपर्णी दिसली की तिच्या दोन बातम्या वेगळ्या करून वाचाव्या लागतात. एक, पाण्यात खत आहे. दुसरी, पाणी थांबलेलं आहे. वाहत्या धारेत ती टिकत नाही, पूर आला की वाहून खाली जाते. नांदेडला दोन्ही गोष्टी एका जागी आल्या, शहराच्या नाल्यांचं पाणी आणि बंधाऱ्यानं अडवलेली नदी. नगीना घाटाला माथा टेकायला देशभरातून येणारे भाविक जे हिरवं पाणी बघतात, त्यात या दोन्हींचा वाटा आहे. नुसती जलपर्णी उपसून यातली एकही गोष्ट बदलत नाही. उलट एक चूक हमखास होते. यंत्रानं नदी साफ केली की पुलावरून पाणी चमकतं आणि सगळ्यांना वाटतं सुधारलं. नाला तसाच असतो. खबर देणारा तेवढा आपण उचलून काठावर फेकलेला असतो.

लातूरची गोष्ट याहून वेगळी. मांजरा नदी बीडच्या बालाघाटात उगम पावते, लातूरला वळसा घालून पुढं गोदेला मिळते. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी आली, पाच लाख लिटरची. त्या दिवसांत मांजरेच्या पात्रात गवताची साक्ष काढायला पाणीच नव्हतं. वेडी बाभूळ आणि बेशरम तेवढी उभी. त्याच वर्षी लोकांनी वर्गणी काढून साई ते नागझरी पात्र खोल केलं, आणि पावसाळ्याच्या शेवटी मांजरेला पूर आला. खोलीकरणाचा फायदा लातूरकरांनी बघितला, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण पात्र खरवडताना तळातली मुळं, कंद, बियाही निघून गेल्या असणार. अशा कोऱ्या तळावर पहिल्यांदा कोण उगवलं, फितीसारखं पाणगवत की जलपर्णी, हे बघण्यासारखं होतं. काठावर साखरेचा पट्टा आहे, मळीचं पाणी कुठंतरी जातंच. त्या पहिल्या दोन वर्षांची कुणी वही ठेवली असती तर आज ती सोन्यासारखी झाली असती.

कुणी ठेवली नाही, असं मी म्हणत होते. मग बचतगटांच्या बैठकांत मी जुन्या बायकांना विचारायला लागले. हिशोब झाला, सह्या झाल्या की शेवटी एकच प्रश्न. तुमच्या लहानपणी नदीच्या पाण्यात काय उगवायचं? पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग मुदखेड भागातली एक आजी बोलली, "माय, तव्हा ढोपरभर पाण्यात पायाची बोटं दिसत व्हती. लांब लांब पट्ट्यावानी गवत, धारेच्या बाजूनं निजलेलं. पायाला लागलं की गुदगुल्या व्हायच्या." एवढ्या एका वाक्यात तिनं काय काय सांगितलं! पाणी नितळ होतं, वाहत होतं, तळाला वाळू होती आणि पाण्याखालचं झाड जिवंत होतं. मी विचारलं, कधी गेलं ते? साल तिला येत नव्हतं. "धाकट्याचं बारसं झालं तव्हा व्हतं. त्याच्या लग्नात नव्हतं." धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावरून आम्ही वर्षं लावली.

भोई समाजाच्या बायकांना तर यातलं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. शिंगाडा कोणत्या तळ्यात गोड होतो, कोणत्या पाण्यात वेल धरते पण फळ काळं पडतं, कोणतं गवत वाढलं की जाळ्यात मासा येईनासा होतो, हे त्यांच्या पोटापाण्याशी बांधलेलं ज्ञान आहे. लातूरकडच्या एका बैठकीत एका वहिनींनी सांगितलं की त्यांच्या सासूबाई धुण्याची जागा गवत बघून ठरवायच्या. काठावर लव्हाळं आहे आणि पाण्यात झुपके आहेत तिथं धुवायचं. जिथं पाण्यावर टिकल्यांसारखी बारीक पानं पसरलीत तिथं नाही, "तितलं पाणी अंगाला खाजतं." त्या टिकल्यांसारख्या पानांवर आज जगभर परीक्षा बेतलेली आहे. तपासायच्या पाण्यात ती रोपं सात दिवस वाढवायची आणि पानं किती वाढली ते मोजायचं. २००६ पासून ती आंतरराष्ट्रीय पद्धत म्हणून मान्य आहे. सासूबाई ते पाणी खत जास्त झाल्यावरून ओळखत होत्या, शास्त्रज्ञ विष आहे का ते ओळखतात, एवढाच फरक.

हे सगळं मी आत्ताच का सांगतेय? कारण आपल्या गटांपुढं एक योजना फिरते आहे. काठावर ढीग पडलेली जलपर्णी उचला, खत करा, विका. ऐकायला छान आहे. आसामात तिच्या वाळलेल्या देठांच्या टोपल्या, पिशव्या होतात आणि चांगल्या खपतात. त्याला माझी ना नाही. पण खताबद्दल मी गटांना थांबा म्हटलं आहे. जलपर्णी पाण्यातलं शिसं, कॅडमियम असे जड धातू ओढून घेते आणि मुख्यतः मुळांत साठवते. म्हणूनच १९७० च्या दशकात अमेरिकेत, अवकाश संशोधन करणाऱ्या नासाच्याच एका केंद्रात, तिच्याकडून सांडपाणी साफ करून घ्यायचे प्रयोग झाले. जे झाड पाणी गाळतं, त्याच्या पोटात गाळलेलं राहतंच. नुसत्या मैलापाण्यावर वाढलेली जलपर्णी आणि कारखान्याच्या नाल्यावर वाढलेली जलपर्णी दिसायला सारखीच. तिचं खत मेथी-पालकाच्या वाफ्यात गेलं आणि भाजी आपल्याच लेकरांच्या ताटात आली, तर चार पैशांचा धंदा कुणाला महाग पडेल? ढीग कोणत्या नाल्याखालचा आहे ते लिहून घ्या, एक किलो वाळवून कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्य प्रयोगशाळेत धातूंसाठी तपासून घ्या, कागद हातात आल्यावर पुढचं. तीच गोष्ट जनावरांना घालण्याची.

गवतावरून एक मात्र ठरवू नका, पाणी प्यायचं की नाही. पाण्याखालचं सुरेख गवत असलेल्या नदीतही कॉलऱ्याचे, काविळीचे जंतू असू शकतात. पिण्याच्या पाण्याला जलजीवन मिशनची पेटी आहे, गावागावांत पाच पाच बायकांना ती वापरायला शिकवली आहे. जंतूंच्या बाटलीतलं पाणी काळं पडलं की ते पाणी प्यायचं नाही. ते काम वेगळं, हे वेगळं.

घरी करून बघायचं असेल तर कांद्याची परीक्षा आहे. स्वीडनमध्ये अल्बर्ट लेवान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर रसायनांचा परिणाम तपासला, आणि १९८५ पासून प्रदूषणाच्या तपासणीची पद्धत म्हणून ती रुळली. सारख्या आकाराचे कांदे घ्या, बुडाची वाळकी मुळं खरवडा, एका पेल्यात चांगलं पाणी आणि एकात नाल्याखालचं. नुसतं बूड पाण्याला टेकलं पाहिजे. रोज पाणी बदला. पाचव्या दिवशी मुळांची लांबी पट्टीनं मोजा. एका कांद्यावर विसंबू नका, पाच-पाच तरी ठेवा, कारण एखादा कांदा मुळातच आळशी असतो. आणि कांदे झाल्यावर भाजीत टाकू नका, उकिरड्यावर टाका. शाळेतल्या मुलींना हे फार आवडतं.

आता नोंदीचं. अर्धापूर आणि मुदखेड भागातल्या काही गटांनी सुरुवात केली आहे. बैठकीच्या वहीची मागची पानं त्यासाठी ठेवली आहेत. जागा एकच धरायची, घाटाची किंवा पाणवठ्याची, आणि काठानं शंभर पावलं. एक पट्टा नाल्याच्या वर, एक खाली. वर्षातून तीनदा, पोळ्यानंतर पाणी ओसरलं की, संक्रांतीला आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास. पाण्याखाली काय आहे, वर काय तरंगतं, काठाला काय उभं आहे, आणि शंभर पावलांत प्रत्येकाची किती पावलं. पाण्यात पाय बुडवला तर बोटं कुठवर दिसतात. वास. त्या आठवड्यात धरणातून पाणी सोडलं होतं का. नाव येत नसेल तर झाडाचं पान वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं आणि वहीला चिकटवायचं, नाव पुढं कुणीतरी सांगेल. एका झाडावरून निकाल लावायचा नाही, कारण पाण्याखालची काही झाडं मध्यम घाणीतही तग धरतात. सोबत कोण कोण आहे ते बघायचं.

आणि पहिल्या पानावर गावातल्या सत्तरीच्या पुढच्या दोन बायकांचं सांगणं, त्यांच्याच शब्दांत. गवताला त्या ज्या नावानं ओळखायच्या ते नाव, पुस्तकातलं नको. कुठल्या वळणावर होतं, कोणत्या लग्नाच्या किंवा दुष्काळाच्या वर्षापर्यंत होतं. पोथ्या उतरवून घेतात तसं उतरवून घ्या, मधे शुद्धलेखन सुधारू नका. पुढच्या महिन्यात मी देगलूरकडच्या गटांत असेन, तिथं मांजरेच्या काठचं कुणाला काही आठवत असेल तर बैठकीच्या दिवशी आज्जींना सोबत घेऊन या. चहा आमच्याकडून.